हार्लेमचं तळघर, हरारेचा बाक : कृष्णवर्णीय वस्त्यांनी उभे केलेले मनाचे दवाखाने

केतकी_म (अटलांटा)

मागे इथे मानसिक आरोग्यावर चर्चा रंगली होती. तेव्हा एकाने विचारलं होतं की अमेरिकेत गल्लोगल्ली समुपदेशक असूनही कृष्णवर्णीय लोक तिकडे फिरकत का नाहीत? "त्यांच्यात अजून जागृती नाही," असं उत्तर आलं आणि गाडी पुढे गेली. मला ते उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं. मी इथे सार्वजनिक आरोग्याच्या कामात आहे, रोजचा वावर याच वस्त्यांमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दवाखान्याची धास्ती या समाजाने उगाच घेतलेली नाही. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या लुइझियानातल्या डॉक्टरने एक नवा 'आजार' जाहीर केला, ड्रॅपेटोमेनिया. लक्षण एकच : गुलामाला पळून जावंसं वाटणं. आणि तो होऊ नये म्हणून सुचवलेला उपाय चाबकाचा. त्याच्या आधी, १८४० च्या जनगणनेत, उत्तरेकडच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण गुलामांपेक्षा कितीतरी जास्त दाखवलं गेलं. स्वातंत्र्य यांना सोसत नाही, असं सांगायला गुलामगिरीच्या पाठीराख्यांना तेवढं पुरलं. काही गावांत तर एकही कृष्णवर्णीय राहत नसताना तिथे कृष्णवर्णीय 'वेडे' नोंदवले होते. जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी हे आकडे तेव्हाच खोडून काढले, पण सरकारने ते कधी मागे घेतले नाहीत.

आणि हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. अलाबामातल्या टस्किगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं 'निरीक्षणाखाली' ठेवलं. पेनिसिलिन हे त्यावरचं औषध हाताशी आल्यावरसुद्धा त्यांना ते दिलं नाही. आज सत्तरीत असलेल्या माणसाने तरुणपणी ही बातमी पेपरात वाचलेली आहे. त्याला मी "काका, मन मोकळं करायला क्लिनिकमध्ये जा" असं म्हटलं, तर तो माझ्याकडे काय म्हणून बघेल?

मग या लोकांनी काय केलं? मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, की त्यांनी दवाखाना आपल्या भरवशाच्या जागी आणला.

१९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम आणि लेखक रिचर्ड राइट यांनी ते उभं केलं, जागा दिली पाद्री शेल्टन हेल बिशप यांनी. तळघरातल्या दोन खोल्या, आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडणार, फी पंचवीस सेंट, आणि तीही नसली तर नसू दे. डॉक्टर, समाजसेवक सगळे बिनपगारी. गोरे आणि काळे एकाच टेबलाशी बसून काम करणारे. त्या काळी हार्लेममधल्या माणसाला मनाच्या उपचारासाठी जायला दुसरी जागा जवळजवळ नव्हतीच. १९५८ पर्यंत हे क्लिनिक चाललं. त्याच १९४६ साली, त्याच हार्लेममध्ये, केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मुलांसाठी नॉर्थसाइड सेंटर सुरू केलं, तेही एका इमारतीच्या तळघरात. ते आजही सुरू आहे.

आता साठ वर्षं पुढे आणि समुद्रापार, झिम्बाब्वेत. २००५ मध्ये तिथल्या सरकारने 'ऑपरेशन मुरांबात्स्विना' नावाने झोपड्या आणि टपऱ्या जमीनदोस्त केल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे सात लाख लोकांचं घर किंवा रोजगार, किंवा दोन्ही गेलं. देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले एक डिक्सन चिबांडा. त्यांच्या एका तरुण पेशंटने आत्महत्या केली. ती ठरलेल्या तपासणीला का आली नाही, असं त्यांनी तिच्या आईला विचारलं, तर आई म्हणाली, बसभाड्याचे पंधरा डॉलर नव्हते. हरारेच्या म्बारे वस्तीत काम सुरू करायला चिबांडांना ना पैसा मिळाला, ना नर्स, ना दवाखान्यात खोली. मिळाल्या त्या वस्तीत आधीपासून आरोग्याचं काम करणाऱ्या चौदा आज्या आणि आवारातल्या झाडाखालची जागा. तिथे त्यांनी लाकडी बाक टाकला. आधी त्याला 'मानसिक आरोग्य बाक' म्हणत होते, तर कोणी बसेना. आज्यांनीच सांगितलं, 'मैत्रीचा बाक' म्हणा. आणि लोक यायला लागले.

बाकावर आजी आधी चौदा प्रश्नांची यादी विचारते. झोप लागते का, काम सुचेनासं झालंय का, जीव नकोसा वाटतो का, असे साधे प्रश्न. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, फार विचार करकरून माणूस खंगतो ते. प्रश्न त्याच बोलीतले आहेत. मग ती ऐकून घेते, पेशंटच्याच तोंडून अडचणी काढून घेते, त्यांतली आज हाती घेता येईल अशी एक निवडायला लावते. पुढच्या भेटीपर्यंत त्यावर काय करायचं ते ठरतं. अशा साधारण सहा भेटी. नंतर बायकांचा गट असतो, तिथे टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या क्रोशाने विणत बोलणं चालतं. पिशव्या विकून चार पैसेही येतात.

तुम्हा सगळ्यांचं म्हणणं ऐकायला आवडेल. विशेषतः इथल्या डॉक्टरमंडळींचं.

थेम्सकाठ (लंडन)

केतकीताई, फार गरजेचा धागा. इंग्लंडचं चित्रही असंच आहे. इथे मानसिक आरोग्य कायद्याखाली जबरदस्तीने भरती केल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या साडेतीन ते चार पट आहे. सुरुवातीच्या टप्प्यावर, साधं बोलून मोकळं व्हायच्या वेळी, हे लोक यंत्रणेत दिसत नाहीत. दिसतात ते एकदम पोलिसांच्या गाडीतून आणलेले.

२०१० मध्ये ओलासेनी लुईस हा तेवीस वर्षांचा मुलगा लंडनच्या एका मनोरुग्णालयात गेला होता. स्वतःच्या इच्छेने, आईवडिलांसोबत. अस्वस्थ झाला म्हणून अकरा पोलिसांनी त्याला दाबून धरलं, आणि तो गेला. आईवडील आठ वर्षं झगडले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये रुग्णालयातल्या बळाच्या वापरावर बंधनं घालणारा कायदा आला. त्याला इथे सेनीचा कायदा म्हणतात. माझ्या ऑफिसातली एक नायजेरियन वंशाची मैत्रीण आपल्या भावाबद्दल म्हणाली होती, "त्याला बरं वाटत नाहीये हे मला कळतंय, पण फोन कोणाला करू?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. शेवटी तिने चर्चमधल्या एका निवृत्त नर्सबाईंना घरी बोलावलं.

डॉ_नागपूरकर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, तेव्हा थोडं कडवट लिहितो, गैरसमज नसावा. आज्यांबद्दल पूर्ण आदर आहे. पण श्रीमंताच्या मुलाला नैराश्य आलं की त्याला एमडी डॉक्टर, आणि गरिबाच्या किंवा काळ्या माणसाच्या वाट्याला आजी, ही वाटणी मला खटकते. 'समाजाधारित' हा शब्द सरकारांना फार आवडतो, कारण त्यात पैसे वाचतात. शिवाय स्किझोफ्रेनिया, बायपोलर, प्रसूतीनंतरची तीव्र विकृती, इथे बाकावर बसून भागत नाही, औषध लागतं आणि वेळेवर लागतं. चर्चमध्येही "प्रार्थना कर, होईल नीट" असं सांगून महिनोन्महिने घालवलेले पेशंट असतात. आपल्याकडे देवऋषी आहेत, त्यांच्याकडे दुसरं काही. बरं वाटणं आणि बरं होणं यांत अंतर आहे. बाकाने खरंच फरक पडतो याचा पुरावा काय?

केतकी_म

डॉक्टरसाहेब, प्रश्न योग्यच आहे, आणि चिबांडांनीही तो स्वतःला विचारला. हरारेतल्या २४ दवाखान्यांत रीतसर चाचणी झाली, ५७३ लोकांवर, २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आली. अर्ध्या दवाखान्यांत बाक, उरलेल्यांत नेहमीचे उपचार, तेही थोडे सुधारून. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी १३.७ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं उरली होती, दुसऱ्या गटात ४९.९ टक्के. त्यांतले बरेच जण एचआयव्हीसह जगणारे, पोटापाण्याची चिंता असलेले. हा फरक लहान नाही.

आणि आजी एकटी नसते. चौदा प्रश्नांत आत्महत्येच्या विचारांचाही प्रश्न आहे. तिथे 'हो' आलं की वाट न बघता पुढे, नर्सकडे, तिथून गरजेप्रमाणे तज्ज्ञाकडे. आजीने काय करायचं आणि कुठे थांबायचं हे ठरलेलं आहे. तुम्ही म्हणता त्या पेशंटना डॉक्टर लागतोच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या डॉक्टरपर्यंत माणूस पोचतो तो आधी कोणावर तरी भरवसा टाकून.

अमेरिकेतले शंभर मानसशास्त्रज्ञ घेतले तर त्यांत कृष्णवर्णीय चार-पाच निघतात, लोकसंख्येत मात्र ते शंभरात तेरा-चौदा आहेत. 'असोसिएशन ऑफ ब्लॅक सायकॉलॉजिस्ट्स' १९६८ मध्ये वेगळी निघाली ती मानसशास्त्रज्ञांची मुख्य संघटना आपलं, कृष्णवर्णीयांचं, ऐकत नाही म्हणूनच. वस्तीतल्या माणसाने तज्ज्ञाला बाजूला सारलेलं नाही, डॉक्टर. तज्ज्ञाने फार काळ वस्तीकडे पाठ केली होती.

फोंड्याची_सून

या गोष्टीत आपलं गोवंही आहे. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हरारेत संशोधन करत होते. केतकी म्हणते त्या शोना प्रश्नावलीवरचं काम त्यांचं आणि त्यांच्या तिथल्या सहकाऱ्यांचं. तिथल्या पारंपरिक वैद्यांशी, नर्सशी बोलून लोक आपलं दुःख कसं सांगतात ते त्यांनी टिपलं. परत आल्यावर १९९६ मध्ये गोव्यात 'संगथ' ही संस्था निघाली. मग गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या पेशंटबरोबर काम केलं. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, सरकारी केंद्रांतल्या पेशंटना स्पष्ट फायदा दिसला.

म्हणजे आफ्रिकेतल्या वस्तीत शिकलेली गोष्ट आमच्या कोंकणी-मराठी बायकांच्या उपयोगी पडली. आपल्याकडे आफ्रिकन विद्यार्थ्यांना भाड्याने खोली द्यायला लोक नाकं मुरडतात, तेव्हा हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

शिरीष७१ (डेट्रॉइट)

मी बार्बरशॉपबद्दल लिहितो, कारण ते डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या प्लान्टमधल्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याबरोबर शनिवारी त्याच्या नेहमीच्या दुकानात जाणं होतं. चार खुर्च्या, भिंतीवर बॉक्सर मंडळींचे जुने फोटो, कोपऱ्यात चेकर्सचा पट. केस कापायला अर्धा तास, पण माणूस तीन तास बसतो. बाप मुलाला आणतो, तो मुलगा मोठा होऊन आपल्या मुलाला आणतो.

एकदा पंचविशीचा एक पोरगा खुर्चीत होता. हूं की चूं नाही. मालक, साठीचा माणूस, मशीन चालवता चालवता आरशातून त्याच्याकडे बघत होता. मध्येच पोरगा पुटपुटला, झोप येत नाही. मालकाने मशीन बंद केलं, खुर्ची हळूच भिंतीकडे वळवली, म्हणजे बाकीच्यांना त्याचा चेहरा दिसू नये, आणि म्हणाला, "कधीपासून?" पुढे दहा मिनिटं पोरगाच बोलत होता. मालकाने सल्ला म्हणून एक अक्षर काढलं नाही. शेवटी ड्रॉवरमधून एक कार्ड काढून त्याच्या खिशात सरकवलं, आणि सांगितलं, "या बाईला फोन कर, माझं नाव सांग. गुरुवारी मी तुला विचारणार आहे."

हे त्याला कोणीतरी शिकवलेलं होतं. आर्कान्सॉच्या लिटल रॉकमध्ये लोरेन्झो लुईस यांनी २०१६ मध्ये 'द कन्फेस प्रोजेक्ट' सुरू केला, बार्बरना असं ऐकायला शिकवणारा. लुईस यांचा जन्मच तुरुंगात झालेला, आई शिक्षा भोगत होती. मावशीने वाढवलं, आणि तिचं ब्युटी सलून होतं. तिथे बायका मन मोकळं करताना बघतच ते मोठे झाले. पुरुषांना अशी जागा कुठे, हा विचार त्यांना तिथूनच सुचला असणार.

डॉ_नागपूरकर

शिरीषराव, खुर्ची भिंतीकडे वळवली हे वाचून त्या मालकाबद्दल फार आदर वाटला. हे कौशल्य आम्हाला एमडीला शिकवत नाहीत.

याच संदर्भात एक अभ्यास सांगतो. मनाचा नाही, रक्तदाबाचा आहे, पण इथे लागू पडतो. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ बार्बरशॉप आणि ३१९ कृष्णवर्णीय पुरुष घेतले. सगळ्यांचा वरचा रक्तदाब चढलेला. अर्ध्या दुकानांत बार्बरने नुसतं सांगायचं, "डॉक्टरकडे जा, खाण्यापिण्याकडे बघ." उरलेल्या दुकानांत बार्बर सांगणारच, पण शिवाय औषध लिहून देण्याची मुभा असलेला फार्मासिस्ट तिथेच येऊन बसणार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात रक्तदाब सुमारे ९ अंकांनी उतरला होता, दुसऱ्या गटात २७ अंकांनी. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं.

यातून दोघांचंही म्हणणं खरं ठरतं. बार्बरवरचा विश्वास नसता तर ती माणसं फार्मासिस्टच्या समोर बसलीच नसती. आणि फार्मासिस्ट नसता तर विश्वास असूनही नवावरच अडकलो असतो. म्हणून माझा आग्रह असा : वस्तीत जा, पण जाताना उपचार सोबत घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलात तर ती लोकांची फसवणूक होईल.

निळं_आभाळ

चर्चा चांगली चालली आहे, पण एक गोष्ट मागे पडतेय. त्या मुलाला झोप का येत नाही? नोकरीवरून काढलं असेल, पोलिसाने रस्त्यात थांबवलं असेल, घरमालकाने रंग बघून नाही म्हटलं असेल. रोग बाहेर आहे आणि आपण बाकावर बसलेल्याला विचारतो, तू काय करणार? हे मला आमच्या अनुभवावरून बोचतं. वसतिगृहात जातीवरून टोमणे खाणाऱ्या पोराला 'ताणाचं व्यवस्थापन' शिकवणारी शिबिरं आम्ही पाहिली आहेत. टोमणे मारणाऱ्यांचं शिबिर कधी कोणी भरवलं नाही.

आपलं आणि त्यांचं नातं जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. या सगळ्यांनी माणसाच्या मनातला न्यूनगंड काढायचा मार्ग दाखवला तो एकत्र येऊन लढण्याचा. मन बरं करणं आणि अन्यायाशी भिडणं यांची फारकत त्यांनी कधी केली नाही.

केतकी_म

निळं_आभाळ, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. म्हणूनच लाफार्ग क्लिनिकची पुढची हकीकत सांगते, मूळ लेखात ती राहून गेली होती.

१९५१ मध्ये डेलावेअर राज्यातल्या शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध खटला उभा राहिला. कृष्णवर्णीय मुलांना घराजवळच्या गोऱ्या शाळा सोडून लांबच्या, मोडक्यातोडक्या शाळांत जावं लागत होतं. वकिलांनी काही मुलं डेलावेअरहून हार्लेमच्या त्या तळघरात पाठवली. काळी आणि गोरी, दोन्ही. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, त्यांच्याशी गप्पा मारल्या. मग वर्थम यांनी न्यायालयात साक्ष दिली की वेगळं बसवणं हीच मुलांच्या मनाला इजा आहे, शाळेची इमारत कितीही चांगली बांधली तरी. १९५२ मध्ये न्यायाधीश कॉलिन्स सेट्झ यांनी मुलांना त्या शाळांत प्रवेश द्यायचा हुकूम दिला. हाच खटला पुढे १९५४ च्या ब्राउन निकालातल्या, म्हणजे शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातल्या, पाच खटल्यांपैकी एक झाला. क्लार्क दांपत्याचे बाहुल्यांचे प्रयोगही त्याच लढ्यात पुरावा म्हणून आले. काळी आणि गोरी बाहुली समोर ठेवल्यावर कितीतरी कृष्णवर्णीय लेकरं 'चांगली' म्हणून गोरी उचलत होती.

संध्याकाळी पंचवीस सेंटमध्ये पेशंटचं ऐकणारे डॉक्टर तेच ऐकलेलं न्यायालयापुढे मांडत होते. माझ्या मते या कामाची कसोटी हीच आहे. बाकावर जे रोज ऐकू येतं ते नगरपालिकेपर्यंत, शाळेपर्यंत, पोलिसांपर्यंत कोण नेतं? आजच्या पुष्कळ उपक्रमांत ही दुसरी बाजू लंगडी आहे, हे मान्य केलं पाहिजे. कनेटिकटमधल्या एनोला एअर्ड यांच्या 'कम्युनिटी हीलिंग नेटवर्क'ने कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेबरोबर एकत्र बसून बोलायची जी मंडळं सुरू केली, तिथे निदान "आम्ही कमी आहोत हे खोटं आमच्या मनात कोणी भरलं?" हा प्रश्न उघडपणे घेतला जातो.

रानवारा (अमरावती)

मी गावपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या बायकांची पर्यवेक्षक आहे. शेतकरी आत्महत्यांच्या भागात आम्हीही घरोघर जाऊन बोलतो, म्हणून सगळं वाचताना अंगावर आलं. माझा प्रश्न साधा आहे. त्या आज्यांचं कोण ऐकतं? आमची एक ताई दिवसभर दुसऱ्यांच्या घरचं रडणं ऐकते, आणि संध्याकाळी घरी गेली की दारू पिऊन पडलेला नवरा. आणि दुसरं म्हणजे, त्यांना पैसे किती मिळतात?

केतकी_म

रानवाराताई, आज्यांवर प्रशिक्षित पर्यवेक्षक असतात, आणि एकत्र बसून अवघड पेशंटबद्दल बोलायची बैठक हा कामाचाच भाग आहे. त्यांतल्या कितीतरींनी स्वतः मुलं गमावली आहेत, एड्सच्या साथीत नातवंडं वाढवली आहेत. पैशांचं म्हणाल तर पहिल्या आज्या शहराच्या आरोग्य खात्याच्याच कार्यकर्त्या होत्या आणि मानधन तुटपुंजं होतं.

रानवारा

तेच. जगभर हे काम बायकाच करतात, आणि जगभर त्याला मानधन म्हणतात. डॉक्टरसाहेब म्हणाले तसं, उपचार सोबत घेऊन जा, पण ऐकणारीचा पगारही सोबत न्या. आमच्याकडे मागच्या वर्षी बायकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं, जेवण चांगलं होतं, प्रमाणपत्रही मिळालं. त्यानंतर प्रत्येकीच्या कामात दर आठवड्याचे चार-पाच तास वाढले, आणि मानधन एका रुपयाने वाढलं नाही. दोघींनी काम सोडलं, आणि त्या दोघी ऐकण्यात सगळ्यांत चांगल्या होत्या. केतकीताई, ती चौदा प्रश्नांची यादी आणि हरारेच्या पर्यवेक्षकांच्या बैठकीची पद्धत मराठीत करता येईल का? मी आमच्या बायकांबरोबर बसून वऱ्हाडी बोलीत प्रश्न नीट लावून घेते. डॉक्टरसाहेब नागपूरचेच आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा फोनवर बैठकीला बसावं.

डॉ_नागपूरकर

बसतो. महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी तीन. निरोपात नंबर पाठवा. आणि आत्महत्येच्या प्रश्नाला 'हो' आलं तर शनिवारची वाट बघायची नाही, त्याच क्षणी फोन करायचा, रात्र असली तरी.